अंधारातल्या जेवणाचं यजमानपद आम्हाला द्या

प्रति,
गोव्यातील हॉटेल व रेस्टॉरंट चालक, हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षक आणि विद्यार्थी, तसेच डोळ्यांवर पट्टी बांधून जेवणाचे कार्यक्रम घेणारी महाविद्यालयं, क्लब व सामाजिक संस्था यांना,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर उजाडला की मला फोन येऊ लागतात. १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन, ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन, ४ जानेवारीला ब्रेल दिन. या तारखांच्या आगेमागे कुणीतरी पणजीत, म्हापशात किंवा मडगावात असं जेवण ठरवतं. पाहुण्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधायची, ताटं वाढायची, अर्ध्या-पाऊण तासाने पट्ट्या सोडायच्या, आणि मग एकेकाने माइकवर येऊन सांगायचं की अंध माणसाचं जगणं काय असतं ते आज कळलं. प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावतात. मी अंध आहे; फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते.

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तुम्ही वेळ देता, खर्च करता, आणि आमच्याबद्दल काही समजावं असं तुम्हाला मनापासून वाटतं. म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहिते आहे. आज ज्या पद्धतीने हे जेवण होतं, त्यातून पाहुणे चुकीची गोष्ट शिकून घरी जातात, आणि तिची किंमत आम्ही मोजतो. तेच जेवण वेगळ्या पद्धतीने झालं, तर गोव्यातल्या अंध माणसांच्या रोजच्या जगण्यात खरोखर फरक पडेल.

आधी या कल्पनेचा उगम सांगते, कारण इथपर्यंत येताना तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग गळून पडला आहे. आंद्रेआस हाइनेके नावाच्या जर्मन पत्रकारावर एक काम सोपवलं गेलं. अपघातात दृष्टी गेलेल्या एका सहकाऱ्याला रेडिओच्या कामासाठी पुन्हा तयार करायचं होतं. त्या माणसाबरोबर काम करताना आपल्याच मनातल्या समजुती किती पोकळ होत्या हे हाइनेके यांच्या लक्षात आलं, आणि १९८८ साली फ्रँकफर्टमध्ये त्यांनी 'डायलॉग इन द डार्क' हे प्रदर्शन सुरू केलं. मिट्ट काळोखातल्या दालनांतून डोळसांना घेऊन जाणारे वाटाडे अंध होते. पुढे झुरिकमध्ये युर्ग श्पीलमान या अंध धर्मोपदेशकांच्या घरी जेवायला आलेले काही पाहुणे डोळ्यांवर पट्टी बांधून जेवत. त्या जेवणातूनच १९९९ साली 'ब्लिंडेकू' हे अंधारातलं रेस्टॉरंट उभं राहिलं. तिथे वाढपी अंध असतात. आपल्याकडे हैदराबादच्या इनऑर्बिट मॉलमध्ये 'डायलॉग इन द डार्क'ने असंच प्रदर्शन आणि त्याला जोडून अंधारातलं रेस्टॉरंट आणलं.

श्पीलमान यांच्या घरी पट्टी होती, हे खरं. पण ताट वाढणारा, गप्पा चालवणारा, पाण्याचा पेला कुठे आहे ते सांगणारा यजमान अंध होता. पाहुण्याला आपली अडचण तर कळतच होती, आणि त्याच वेळी समोरचा माणूस त्याच काळोखात किती सहज वावरतो हेही कळत होतं. या दोन गोष्टी एकत्र कळल्या तरच त्या जेवणाला अर्थ आहे. आपल्या कार्यक्रमांत यजमान डोळस, वाढपी डोळस, सूचना देणारे डोळस, आणि पट्टी बांधून बसलेलेही डोळस. अंध माणूस एकच, ती व्यासपीठावर शाल आणि श्रीफळ घेऊन बसलेली. पाहुण्यांसमोर मग काय उरतं? स्वतःचं चाचपडणं. शर्टावर सांडलेलं हुमण (माशाचं कालवण). पेला उपडा होण्याची भीती. आणि हेच अंधत्व, अशी पक्की समजूत.

हे माझं एकटीचं निरीक्षण असतं तर इतक्या जोराने मांडलं नसतं. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात एरिअल सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांचा शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. सिल्व्हरमन स्वतः अंध आहेत. डोळे बांधून कामं केलेल्या माणसांना नंतर विचारलं, तर अंध व्यक्ती नोकरी करू शकतील, स्वतंत्र राहू शकतील, यावरचा त्यांचा विश्वास पट्टी न बांधलेल्यांपेक्षा कमी निघाला. आपल्यावरच ही वेळ आली तर आपण कितपत सावरू, याबद्दलही ते अधिक निराश होते. २०१७ साली मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या अपंगत्वांची अशी सोंगं करून घेण्याचा अभ्यास केला. कणव वाढली, पण सहभागी झालेल्यांना असहाय, गोंधळल्यासारखं, अवघडल्यासारखं वाटलं, आणि अपंग माणसांकडे पाहण्याचा त्यांचा दृष्टिकोन काही सुधारला नाही.

तुमच्या कार्यक्रमात बसलेल्या माणसांचा विचार करा. कुणी बँकेचा शाखाधिकारी असतो, कुणी शाळेचा मुख्याध्यापक, कुणी हॉटेलचा मनुष्यबळ अधिकारी. पट्टी सोडताना त्याचे डोळे भरून आलेले असतात, हे मी त्यांच्या आवाजातून ओळखते. तोच माणूस आठवड्याभराने एखाद्या अंध उमेदवाराचा अर्ज हातात घेतो. त्याला पाऊण तासाचं ते चाचपडणं आठवतं आणि तो अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, हिला हे काम कसं जमणार? आमच्या वाट्याला आलेली ती कणव आमची नोकरी घेऊन जाते.

पट्टीतून नेमकं काय कळतं? उजेड अचानक गेला तर पहिल्या काही मिनिटांत माणसाला कसं वाटतं, एवढंच. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकललं तर त्याला पोहण्याबद्दल काही कळत नाही. बुडण्याची भीती तेवढी कळते. अंधत्व म्हणजे ती भीती नव्हे. ती मलाही वाटली होती. शाळेत असताना काचबिंदूने माझी दृष्टी गेली, त्यानंतरचे सुरुवातीचे महिने त्या भीतीतच गेले. त्यानंतरचं सगळं आयुष्य मी पद्धतींवर जगते. त्या शिकाव्या लागतात, कुणीतरी शिकवाव्या लागतात, आणि एकदा अंगवळणी पडल्या की त्यांच्याकडे लक्षही जात नाही. माझे कान तुमच्यापेक्षा तीक्ष्ण नाहीत. मी ते वापरते, एवढंच.

शिवाय सगळे अंध सारखे नसतात. अनेकांना थोडं दिसतं: कुणाला फक्त उजेड-अंधार, कुणाला नळीतून पाहावं तसा मधलाच तुकडा, कुणाला कडेचं दिसतं पण समोरच्याचा चेहरा नाही. संध्याकाळी मिणमिणत्या दिव्यांच्या रेस्टॉरंटमध्ये ज्याला काहीच दिसत नाही, तोच दुपारी शॅकवर स्वतः खुर्ची शोधून बसतो, आणि लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. काळ्या पट्टीत हा माणूस कुठेच बसत नाही. २०११च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर होती. त्या सगळ्यांचं जगणं एकाच काळ्या कापडात कसं मावेल?

आता जेवणाबद्दल बोलू, कारण विषय जेवणाचा आहे आणि आपण गोव्यात आहोत.

ताट समोर आलं की मला ते घड्याळासारखं सांगावं. सहाच्या काट्यावर शीत (भात), बाराला हुमणाची वाटी, तीनला तळलेला बांगडा, नऊला किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), आणि ताटाबाहेर एकच्या बाजूला सोलकढीचा पेला. एवढं सांगायला दोन श्वास पुरतात. पुढचं मी पाहते. वाटीच्या काठावर अंगठा टेकला की ती किती भरली आहे ते वाफेवरून कळतं. पेल्याकडे हात नेताना मी तो वरून झेपावत नाही. बोटांची मागची बाजू टेबलावरून सरकवत नेते, त्यामुळे पेला लागला तरी कलंडत नाही. पाणी ओतताना आवाज बदलत जातो, पेला भरत आला की तो वर चढतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या पाहुण्याला यातलं काहीच कुणी सांगत नाही. तो वरून हात घालतो, पेला आडवा होतो, हसू फुटतं, कुणीतरी मोबाइलवर ते टिपतं.

बांगड्याबद्दल मला नेहमी विचारतात, काटे कसे काढता? आजीने शिकवलं. दृष्टी गेल्यानंतर घरात सगळे माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून देऊ लागले होते, आणि मी नुस्तं खायचं टाळू लागले होते. आजीने एका दुपारी सगळ्यांना उठवलं, माझी बोटं बांगड्याच्या डोक्याखाली ठेवली आणि म्हणाली, "हांगा धर." तिथून मधल्या काट्याच्या कडेने शेपटीकडे अंगठा सरकवत न्यायचा. मांस एका बाजूने अख्खं सुटतं. मग मधला काटा शेपटीकडून उचलायचा, बारीक काटे त्याच्याबरोबर येतात, राहिलेले जिभेला कळतात. तुम्हीही खरंतर असंच खाता. काटा तुमच्या बोटांना आणि जिभेलाच सापडतो, डोळ्यांना क्वचितच. हाताने जेवणाऱ्या समाजात अंध माणसाला जेवण अवघड जावं याचं कारण अंधत्व फार थोडं आहे. न सांगता वाढलेलं ताट, न सांगता उचललेली वाटी आणि हातात खुपसलेले काटे-चमचे ही खरी कारणं आहेत. तुमच्या कार्यक्रमांत पाहुण्यांना अंधारात काटा-सुरी का देता, ते मला अजून उमगलेलं नाही. गोव्याचं जेवण ठेवा, हात धुवायला पाणी द्या, आणि एखाद्या अंध बाईला त्यांची बोटं बांगड्याच्या डोक्याखाली ठेवायला सांगा.

अंधारातल्या जेवणातून एक गोष्ट मात्र खरोखर शिकता येते, ती म्हणजे चव. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती त्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळे जिभेला आणि नाकाला किती फसवतात, हे पट्टी बांधून अनुभवता येतं. जेवणाच्या आनंदासाठी हा खेळ जरूर ठेवा, त्याला चवीचा खेळ म्हणा, पैसे घ्या. त्याच्यावर 'अंधत्व समजून घ्या' असा फलक लावू नका.

एका प्रसंगाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हॉटेलचं नाव मी घेणार नाही. अशाच एका दुपारी पट्टीचं जेवण आटोपलं, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. त्यानंतर मी आणि माझा भाऊ त्याच हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये चहा घ्यायला बसलो. तासाभरापूर्वी पट्टी बांधलेल्यांना वाढणारा मुलगाच आमच्या टेबलाशी आला आणि भावाला विचारलं, "मॅडम काय घेणार?" भाऊ म्हणाला, मॅडमना विचारा. मुलगा गप्प झाला. मग चहा आला तो भावाच्या बाजूला ठेवला, माझा कप न सांगता माझ्या पर्सशेजारी. बिलही भावाकडे गेलं. पैसे मी भरणार होते. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला दिवसभर राबवून घेतलं होतं, आणि अंध गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे त्या सगळ्या कार्यक्रमात कुणी एका वाक्यानेही सांगितलं नव्हतं. हॉटेलने शंभर माणसांचे डोळे बांधले, पण आपल्याच वाढप्याला काही शिकवलं नाही. माझी तुमच्याकडे तक्रार आहे ती ही.

म्हणून आता मागणं.

आधी तुमच्या माणसांना शिकवा, पाहुण्यांना नंतर. टेबलाशी आल्यावर आपण कोण ते सांगायचं, जाताना 'मी जातो' म्हणायचं, नाहीतर आम्ही रिकाम्या हवेशी बोलत राहतो. प्रश्न थेट आम्हाला विचारायचा. वाट दाखवायची असेल तर आपलं कोपर पुढे करायचं, आम्ही ते धरून अर्धं पाऊल मागून येतो. दंडाला धरून ढकलत न्यायचं नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून दिला की पुरे, बसवायची गरज नसते. गरम काही ठेवताना तोंडाने सांगायचं. ताट घड्याळाच्या रीतीने सांगायचं. एका दुपारचं प्रशिक्षण आहे हे. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत आणि इतर महाविद्यालयांत ते अभ्यासक्रमातच असावं, आणि शिकवायला अंध माणूस असावा.

मग मेनू. क्यूआर कोडवरचा मेनू आला तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण फोन मला सगळं वाचून दाखवतो. पण बहुतेक ठिकाणी त्या कोडमागे छापील पानाचा फोटो असतो, आणि फोटोपुढे माझा फोन मुका होतो. तोच मेनू साध्या मजकुरात टाका. कुणाला सांगून तासाभरात होईल. ब्रेल मेनू छापला तर उत्तमच, पण सगळ्या अंधांना ब्रेल येत नाही, विशेषतः उतारवयात दृष्टी गेलेल्यांना. म्हणून दोन्ही ठेवा, आणि काहीच नसेल तर मेनू वाचून दाखवणारा माणूस न कंटाळता किमतींसकट वाचणारा असू द्या.

बिल भरताना सपाट काचेचं कार्ड यंत्र पुढे आलं की मला माझा पिन दुसऱ्याला सांगावा लागतो. बटणांचं यंत्र असेल तर लागत नाही, कारण पाचच्या बटणावर उंचवटा असतो. यूपीआय मला सोपं जातं, आणि पैसे पोचल्याचं मोठ्याने बोलणारा तो छोटा स्पीकर ज्याने कुणी काढला त्याचे आमच्यावर उपकार आहेत. रोख देताना रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं 'मनी' अ‍ॅप नोट ओळखून सांगतं. माझी नोट ओळखेपर्यंत थोडा धीर धरावा, इतकंच काउंटरवरच्या माणसाकडून हवं.

संगीताबद्दल जास्त बोलायला हवं, कारण ते कुणाच्या ध्यानातच येत नाही. किनारपट्टीवरच्या अनेक जागांत स्पीकर इतका मोठा असतो की शेजारच्या खुर्चीवरचं बोलणं ऐकू येत नाही. तुमच्यासाठी तो गोंगाट, माझ्यासाठी तिथे काळोख पडतो. वाढपी कुठून आला, दार कुठल्या बाजूला, पायऱ्यांवरून कोण उतरतंय, पैसे काढलेला ड्रॉवर बंद झाला की नाही, हे सगळं मला आवाजावरून कळतं. एक कोपरा शांत ठेवा, आरक्षण करताना तो मागता येऊ द्या. म्हाताऱ्या माणसांनाही तो हवा असतो, आणि लहान बाळं घेऊन येणाऱ्यांनाही. बुफेबद्दल इतकंच, की एक माणूस आमच्याबरोबर रांगेत फिरेल आणि प्रत्येक भांड्यात काय आहे ते सांगेल अशी सोय असावी.

यातलं काही दानधर्म म्हणून मागत नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सर्वसामान्य लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही त्याच्या व्याख्येत सार्वजनिक इमारत आहे, म्हणजे तुमचं हॉटेलही. सेवा देणाऱ्यांना सुगम्यतेचे, म्हणजे जागा आणि सेवा अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीचे, नियम पाळण्यासाठी दोन वर्षांची मुदत होती, जुन्या इमारतींना पाच वर्षांची. नियम जून २०१७ मध्ये आले. दोन्ही मुदती केव्हाच उलटून गेल्या. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम सक्तीचे असायला हवेत, नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, असं स्पष्ट केलं आहे.

नोकरीचा प्रश्न मला या सगळ्याहून जवळचा आहे. सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. खासगी क्षेत्राबद्दल कायदा एवढंच म्हणतो की निदान ५ टक्के कर्मचारी अपंग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं. पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्यापैकी किती जणांनी ते केलं आहे, कृपया आपापल्या कार्यालयात विचारून पाहा. आमची मुलं शिकून बाहेर पडतात, संगणक वाचून दाखवणारं एनव्हीडीएसारखं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि गोव्याचा सर्वांत मोठा धंदा पर्यटनाचा आहे. टेलिफोनवरचं आरक्षण, ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं, स्पामधलं मालिशचं काम, संध्याकाळचं गाणं-बजावणं, कणीक तिंबणं आणि भाजी चिरणं, यातलं एकही काम डोळ्यांवाचून अडत नाही. अंधारातल्या जेवणाला तुम्ही एका दुपारी जेवढा खर्च करता, तेवढ्यात एका अंध मुलीला काही महिने तुमच्याकडे काम शिकता येईल.

आपल्याकडे चांगलं काही झालेलं नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला आणि देशभरातून आलेली अपंग माणसं आपल्या रस्त्यांवर मोकळेपणाने फिरली. त्या महोत्सवात अंधांची कार रॅली होते. गाडी डोळस माणूस चालवतो, शेजारी बसलेला अंध माणूस ब्रेलमधला नकाशा वाचून वळणं सांगतो. तिथे कुणालाच कुणाची कीव येत नाही, कारण वाट चुकली तर दोघांचीही चुकते. ही समज जेवणाच्या टेबलावर आणता येते.

कशी आणायची, ते माझ्या मते असं. कार्यक्रम आखतानाच अंध माणसाला बरोबर घ्या, निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर नको. सांताक्रूझला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची गोवा शाखा आहे, ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान आहे; विचारलंत तर यजमान म्हणून उभी राहतील अशी माणसं मिळतील. त्यांना मानधन द्या. शाल देऊ नका, शाली घरात पुष्कळ झाल्या. खोलीत काळोखच करता आला तर पट्टीपेक्षा तो बरा, कारण मग वाढणाऱ्यालाही दिसत नाही आणि चोरून फोटो काढणाऱ्यालाही नाही. पट्टीच वापरायची असेल तर ती कुणावर लादू नका. काहींना खरोखर घुसमटतं. पहिली दहा मिनिटं यजमान फक्त शिकवील: पेला कसा शोधायचा, ताट कसं लावायचं, मासा कसा सोडवायचा. मग जेवा. अर्धं जेवण झालं की दिवे लावा आणि उरलेलं त्याच टेबलावर, त्याच यजमानाबरोबर उघड्या डोळ्यांनी जेवा. प्रश्न विचारा. स्वप्नं पडतात का, कपड्यांचे रंग कसे जुळवता, लग्नाचं काय, प्रवास एकट्याने करता का, सगळं विचारा. आम्हाला त्याचा राग येत नाही. आम्ही सोबतीला आलेल्या माणसाकडे वळून विचारलेल्या प्रश्नांना कंटाळलो आहोत.

शाळेच्या मुलांसाठी तर माझा पट्टीला विरोधच आहे. मूल घाबरतं, आणि ती भीती वर्गातल्या अंध मुलाला चिकटते. मुलांना आमच्या शेजारी बसवा. ती चौथ्या मिनिटाला विचारतात, "टीचर, तुम्ही फोन कसा वापरता?" आणि पाचव्या मिनिटाला स्वतःच्या फोनवर बोलता पडदा (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) सुरू करून बसतात. माझ्या वर्गात हे दरवर्षी होतं, त्यासाठी एकाचेही डोळे बांधावे लागलेले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर माइकवर पाहुण्यांच्या भावना ऐकवण्याऐवजी हॉटेलच्या व्यवस्थापकाने उभं राहून सांगावं, की या महिन्यात आम्ही मेनू वाचता येईल असा करू, बटणांचं यंत्र आणू, अमुक इतक्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊ, आणि एका अंध उमेदवाराची मुलाखत घेऊ. तारीख सांगावी. पुढच्या वर्षी त्याच तारखेला बोलावून झालं की नाही तेही सांगावं.

या मोसमात तुमच्यापैकी कुणी असं जेवण ठरवत असेल, तर मी यायला तयार आहे. व्यासपीठावर बसणार नाही; टेबल सांभाळीन. त्यासाठी मला तीन गोष्टी आधी लागतील: जेवणाचा बेत मजकुराच्या स्वरूपात, आदल्या दिवशी हॉल आणि स्वयंपाकघर पायाखालून घालायला एक तास, आणि वाढायला जे कर्मचारी असतील त्यांच्याशी बोलायला अर्धा तास. बेतात बांगडा असावा.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक अंध शिक्षिका